त्राइलोचा ॲम्प्लिफायर

"नुसती भोकं पाठवून चालायचं नाही," इकोनिया आजी म्हणाली.

टेबलावर काळ्या कॉफीचे दोन कप होते आणि त्यांच्या मधोमध ॲल्युमिनियमचा एक पालथा डबा. डब्याच्या पाठीवर गोल भोकं होती. भोकं उत्तम होती. त्राइलोने ती अकरा वर्षांपूर्वी पाडली होती, कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या होत्या, आणि तिथेच ॲम्प्लिफायरचं काम थांबलं होतं. घरी कोणी आलं की तो डबा कपाटावरून खाली काढायचा, भोकात बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "इथे व्हॉल्व बसणार. काचेचे. पेटले की बघत राहाल." पाहुणे तूर्त भोकांकडे बघायचे. मग डबा परत कपाटावर जायचा आणि बाटली खाली यायची.

"पण त्याला हेच हवं होतं, आजी," त्राइलोची बायको फ्लोरिका म्हणाली.

"त्याला हवा होता आवाज. हे करतं का आवाज?" आजीने चमच्याने डब्यावर टकटक केलं. आवाज झाला, पण तो धरायचा नव्हता. "इकडे देशील तेच तिकडे पोचतं. भोकं दिलीस तर भोकं पोचतील. जन्मभर दाखवत फिरला, आता तिकडे कुणाला दाखवणार? तिकडे ज्याचं त्याला आहे."

गावात कुणाच्या मेलेल्या माणसाला काय कमी पडतंय, हे इकोनिया आजीला विचारल्याशिवाय कोणी ठरवत नसे. तिने एकाला चष्मा पोचवला होता, एकीला दातांची कवळी. मागे एका बाईने नवऱ्यासाठी मोबाइल द्यायचं काढलं, तेव्हा चार्जर विसरू नकोस म्हणून बजावणारी आजीच.

त्राइलो फेब्रुवारीत गेला. प्राहोवोच्या खालच्या अंगाला, दान्यूब नदीवर, स्वतःच्याच होडीतून जाळं ओढताना. सापडला, पुरला, रडून झालं, दारावर काळ्या चौकटीतला त्याचा फोटो लागला. आणि चाळिसावा दिवस उलटल्यावर तो यायला लागला. फ्लोरिकाच्या पहाटेच्या झोपेत. दारात उभा राहायचा, नखशिखांत ओला, आणि तोंड हलवायचा. टीव्हीचा आवाज बंद केल्यावर बातम्या देणारा माणूस दिसतो, तसा. काहीतरी महत्त्वाचं सांगतोय एवढं कळायचं. उंबरठा मात्र ओलांडायचा नाही. "ये ना आत, फरशी भिजली तर भिजू दे," असं ती कितीदा सांगायची, पण त्याचा विश्वास बसत नसे. चिखलाच्या बुटांवरून तीस वर्षं बोलणी खाल्लेला माणूस होता तो.

"ज्याला कमी असतं तो येतो," आजी म्हणाली. "मिळालं की येत नाही. तोंड हलतंय आणि आवाज नाही, म्हणजे काय? आवाजच मागतोय मेला. वर्षाच्या पोमानाला हे पुरं करून दे, मोकळी हो."

पोमानाला, म्हणजे मेलेल्याच्या नावाने घालायच्या जेवणाला, त्राइलोच्या जागी एक जिवंत माणूस बसणार होता. त्याच्याच वयाचा, त्याच्याच अंगाचा. त्याने नवे कपडे घालायचे, जेवायचं, प्यायचं आणि मिळेल ते घ्यायचं. इकडे त्याच्या हातात पडलं की तिकडे त्राइलोच्या हातात. शेवटी मेणबत्ती घेऊन त्राइलोच्या नावाने फेर धरायचा, की वर्षभर घरात बंद असलेलं गाणं-बजावणं पुन्हा मोकळं. त्या वयाचा आणि त्या अंगाचा गावात एकच पुरुष उरला होता : त्राइलोचा चुलत भाऊ बालाश. तांब्याच्या खाणीत सुरुंग उडवून उडवून तो ठार बहिरा झालेला होता.

"बहिऱ्याच्या हाती आवाज द्यायचा?" फ्लोरिकाने विचारलं.

"देणं जातं. कान जात नाहीत."

"नक्की?"

"मिरोन गेला तेव्हा त्याचे बूट मी एका लंगड्याच्या हातून पाठवले होते. तिकडे पळतोय."

"कुणी सांगितलं?"

"तक्रार नाही आली," आजी म्हणाली आणि कॉफी संपवली.

नेगोतिन शहरात राडोयको मिस्त्री रेडिओ दुरुस्त करायचा. म्हणजे दुकान उघडं असायचं. त्याने फ्लोरिकाचं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"तिकडच्या गिऱ्हाइकाचं काम मी घेत नाही, वहिनी."

"का?"

"बिघडलं तर दुरुस्तीला जायचं कुठे? आणि एकदा गेलं की परत सोडतात का?" त्याने डबा हातात घेऊन फिरवला. "भोकं मात्र झकास आहेत हो."

"सगळे तेच म्हणतात."

"तुम्ही काय काम करता?"

"कॉलरी शिवते. शर्टाच्या कारखान्यात."

"आणि बाकीचा शर्ट?"

"बाह्या दुसरी शिवते. काजं-बटणं तिसरी. माझी कॉलर."

"म्हणजे इतक्या वर्षांत एकसुद्धा पुरा शर्ट नाही?"

"कुणीच नाही शिवलेला. तरी शर्ट होतात," फ्लोरिका म्हणाली.

राडोयको जरा विचारात पडला. मग त्याने भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं, मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने ॲम्प्लिफायर काढला आणि कुठली वायर कुठे जाते ते बोट ठेवून दोनदा समजावलं. "शिवणच आहे ही," तो म्हणाला. "फक्त कॉलरीत तीनशे व्होल्ट असतात. तेव्हा काम करताना डावा हात खिशात. दोन्ही हात आत घातलेत तर वीज एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघते, आणि वाटेत काळीज लागतं. आणि दुसरं सांगतो. प्लग काढला म्हणजे मेलं, असं धरायचं नाही. कपॅसिटरमध्ये वीज बसून राहते. बाहेरून गप्प, आतून जिवंत. आधी तिला वाट काढून द्यायची, मग हात लावायचा."

हे फ्लोरिकाला फार समजावावं लागलं नाही. असं एक प्रकरण तिच्या घरी होतंच.

त्राइलोने जमवलेलं सामान माळ्यावरच्या खोक्यात निघालं. तळाशी तीन ट्रान्सफॉर्मर होते, विटांसारखे जड, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. व्हॉल्व मात्र कागदात नव्हते. गेल्या अकरा वर्षांत त्या घरात हरवलेला प्रत्येक एकटा मोजा तिथे होता आणि प्रत्येकाच्या चवड्यात एक व्हॉल्व झोपला होता. त्या मोज्यांवरून फ्लोरिकाने वॉशिंग मशीनला शिव्या दिल्या होत्या, शेजारणीच्या कुत्र्यावर दगड मारला होता. "अरे, सांगायचं तरी," ती खोक्याला म्हणाली.

कारखान्यातून आल्यावर ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर कामाला बसू लागली. पहिल्यांदा टेबलक्लॉथ जळला, मग अंगठा. सोल्डरिंग आयर्न म्हणजे टोक तापवलेली सुईच, पण सुई निदान टोचायच्या आधी दिसते. सुरुवातीचे जोड असे झाले की बोट लावलं तर निसटायचे, राडोयकोने ते पाहिले आणि "ही लापशी कुणी सांडली?" एवढंच विचारलं. तिने सगळे उसवले. आधी वायर वळवून कच्चा टाका, मग कथील, असं केल्यावर जोड बसायला लागले. एकदा मात्र ती कपॅसिटरला वाट काढून द्यायला विसरली. जाग आल्यासारखं झालं तेव्हा ती फरशीवर होती आणि स्टूल भिंतीला जाऊन टेकलं होतं. अशा क्षणी त्राइलो दिसावा, अशी तिची माफक अपेक्षा होती. दिसलं ते छत. छताला रंगाची गरज होती.

तरी डबा भरत गेला. शेवटी राडोयको ट्रान्सफॉर्मर तपासायला म्हणून स्वतः गावात आला आणि डबा उपडा करून त्याने आत बघितलं. सगळ्या वायरी शेजारी शेजारी, ताठ, एका अंतराने, कोपऱ्यावर काटकोनात वळलेल्या, कॉलरीच्या दुहेरी शिलाईसारख्या.

"वहिनी, मी मेल्यावर मला यात पुरा," तो म्हणाला. "लावा प्लग."

व्हॉल्व आधी काहीच करीनात. मग आतल्या तारा शेंदरी झाल्या, काचेच्या पोटात उजेड धरला आणि टेबलावरच्या मिठाच्या बरणीची सावली पडली. बघत राहण्यासारखंच होतं. ती बघत राहिली.

आता ऐकायचं काय, हा प्रश्न होता. घरात वर्षभर गाणं वर्ज्य. फ्लोरिका आजीकडे जाऊन विचारून आली. आजीने बातम्यांना नाही म्हटलं, कारण मधे जाहिराती लागतात आणि त्या गातात. पण नद्यांच्या पाण्याची पातळी सांगतात ती चालेल. पाणी काही संगीत नव्हे. फक्त आधीची धून वाजून होईपर्यंत आवाज शून्यावर ठेवायचा.

अशा रीतीने त्राइलोचा ॲम्प्लिफायर पहिल्यांदा बोलला तो पाण्याच्या पातळीवर. रेडिओवरच्या बाईचा आवाज डब्याला जोडलेल्या दोन स्पीकरांतून असा आला, की ती स्वयंपाकघरातच कुठेतरी, भांड्यांच्या फडताळाशी उभी असावी. बेझदान. आपातिन. स्मेदेरेवो. गावाचं नाव, पातळी, चढ की उतार. आणि दर दोन गावांच्या मधे, बाई श्वास घेत होती तेवढ्यात, खालून एक बारीक घरघर.

"प्राहोवो," बाई म्हणाली. "चार सेंटिमीटर चढ."

फ्लोरिकाने टेबलाची कड धरली होती. राडोयको टोपी काढून बसला होता, पण त्याचं लक्ष घरघरीकडे होतं.

"ही घरघर तुमच्या टापटिपीची आहे," तो म्हणाला. "व्हॉल्व पेटवणाऱ्या जोडीच्या वायरी तुम्ही अशा ताठ पळवल्यात, संचलनासारख्या. त्या ताठ गेल्या की गुणगुणतात. त्यांना एकमेकींभोवती पीळ द्यायचा, वेणीसारखा. मग एकीची कुरकुर दुसरी खाते. नवरा-बायकोचं असतं तसं. उसवा आणि पीळ द्या. एका संध्याकाळचं काम."

"करते," फ्लोरिका म्हणाली.

तिने केलं नाही.

राडोयको गेल्यावर तिच्या डोक्यात आजीचं वाक्य आलं आणि मुक्कामालाच राहिलं. मिळालं की येत नाही. इतके महिने ती हा डबा भरत होती, तो त्राइलोला शांत करायला. पण शांत झालेला त्राइलो येणार नव्हता, हा हिशेब तिने केलाच नव्हता. आता नीट झाला की संपलं. नीट नाही झाला तर? अगदी बिघडलेला द्यायचा नाही, ते पाप. पण जरा घरघर राहिली तर तो तक्रार करायला येईल. तक्रार करायला तो जिवंतपणीही नियमित यायचा. सूप खारट, उशी उंच, खिडकी कुणी उघडली. फार नको, महिन्यातून एकदा दारात उभा राहील इतपत घरघर असली म्हणजे झालं. तिने बटण फिरवून ऐकून पाहिलं. होती ती घरघर साधारण तेवढीच होती. आणि घेणारा बालाश. त्याला काय कळणार?

पहाटे त्राइलो आला. तोंड हलवत होता. "चाललंय काम," ती त्याला म्हणाली आणि झोपेतसुद्धा तिला स्वतःची लाज वाटली.

पोमाना जवळ आली तशी बालाशच्या अंगावर नवे कपडे चढवून पाहायची वेळ आली. शर्ट तिने स्वतः शिवला होता, बाह्या आणि काजांसकट; बाह्या जरा चुकल्या होत्या. बालाश कपाटाच्या आरशासमोर हात पसरून उभा राहिला. ती मागून कॉलरीला टाचण्या लावत होती.

"त्राइलोची मान याहून बारीक होती," बालाश म्हणाला. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने तो नेहमी नदीपलीकडच्या माणसाशी बोलल्यासारखा बोलायचा. "सांग त्याला, सैल झाली तर आत घे म्हणावं."

फ्लोरिका त्याच्या पाठीमागे होती. बहिऱ्याच्या पाठीमागे उभं राहून बोलणं म्हणजे विहिरीत बोलणं, असं तिला वाटलं असावं. तोंडातल्या टाचण्या काढून ती हळूच बोलली.

"भाऊजी, मी घरघर तशीच ठेवलीय. मुद्दाम. कुणाला सांगू नका."

"कसली घरघर?" बालाशने आरशात बघत विचारलं.

तिला आरशाचं भानच नव्हतं. तो आरशात तिचे ओठ वाचत होता. आता सांगावंच लागलं. ती पुढे आली आणि त्याच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं : आजी काय म्हणाली, वायरी, पीळ, आणि त्राइलोने महिन्यातून एकदा तरी यावं म्हणून ठेवलेली कसर. मधेच रडू आलं, तेव्हा ओठ वेडेवाकडे झाले आणि त्याने "परत सांग, हे कळलं नाही" असं म्हटलं. तिला तेवढं रडू दोनदा सांगावं लागलं.

बालाशने हात खाली घेतले. टाचण्या टोचल्या असणार.

"तुम्हाला वाटतं बहिऱ्याला शांत असतं," तो म्हणाला. या वेळी त्याचा आवाज कसा कोण जाणे, खोलीपुरताच निघाला. "शेवटच्या सुरुंगापासून माझ्या डोक्यात एक माशी आहे. बाटलीत कोंडल्यासारखी. घूं. जेवताना घूं, झोपताना घूं. आई गेली तेव्हा तिचा हात धरून बसलो होतो, तेव्हाही घूं. डॉक्टर म्हणाला, सवय होईल. तो मेला, मला अजून झाली नाही."

फ्लोरिकाने हातातल्या टाचण्या एकेक करून आपल्या बाहीला टोचल्या.

"गाणी विसरलो मी," बालाश म्हणाला. "त्याचं काही नाही. बर्फ पडताना अंगणात कसं ऐकू यायचं, ते आठवतं." त्याने कॉलर चाचपली. "मी मेल्यावर तरी ती माशी मरेल, या भरवशावर आहे मी. आणि तू त्याच्याकडे एक मुद्दाम पाठवतेयस."

त्याच संध्याकाळी तिने डबा उपडा केला, कपॅसिटरला वाट काढून दिली आणि अगदी सरळ, सुरेख शिवलेल्या त्या वायरी उसवल्या. मग लहानपणी धाकट्या बहिणीची घालायची तशी वेणी घातली. काम आटपायला एक संध्याकाळच लागली. राडोयको खोटं बोलला नव्हता. पहाटे त्राइलो आला तेव्हा तिने त्याला आत बोलावलं नाही, काही विचारलं नाही. तो बोलून थांबेपर्यंत नुसती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

पोमानाला अंगणात लांब टेबलं लागली. उकडलेले गहू, मासे, घेवड्याचं कालवण आणि प्यायला राकिया. बालाश नव्या सुटात त्राइलोच्या जागी बसला आणि त्राइलोला आवडायचं म्हणून आयुष्यात पहिल्यांदा तिखट मिरच्या खाल्ल्या. लोक त्याच्याशी त्राइलो समजून बोलले. एका म्हाताऱ्याने त्याच्याकडे आपली करवत मागितली. बालाश म्हणाला, "बघतो." बाजेवाले बोलावले नव्हते, आजीचं म्हणणं, यंत्रावरच फेर लावा, नाहीतर ते तिकडे जाऊन मुकं निघालं तर कळणार कसं? पण त्या ॲम्प्लिफायरने आजवर पाण्याच्या पातळीशिवाय काहीही वाजवलेलं नव्हतं, हे फक्त फ्लोरिकाला आणि राडोयकोला ठाऊक होतं. राडोयको कुंपणाशी उभा होता आणि त्याचाही डावा हात खिशात होता.

तिने त्राइलोची कॅसेट लावली. आधी काही नाही. निव्वळ काही नाही, इतकं, की पलीकडच्या गल्लीतली कोंबडी ऐकू आली. मग ॲकॉर्डियन असा फुटला, की दोन बायकांच्या हातातले पेले सांडले. वर्षभर त्या अंगणात सूर नव्हता. आजीने डोळ्यांना डोक्याच्या रुमालाचं टोक लावलं आणि मानेने खूण केली.

मेणबत्ती हातात घेऊन बालाश फेराच्या पुढे झाला. त्याला ऐकू येत नव्हतं, म्हणून तो शेजाऱ्याच्या पायांकडे बघून पाऊल टाकत होता. आणि पुढचा माणूस तोच असल्याने बाकीचे त्याच्या पायांकडे बघत होते. त्राइलोच्या नावाचा सगळा फेर असा संगीताच्या अर्धं पाऊल मागून फिरला. फ्लोरिकाने मागून येणाऱ्या त्या पावलांत आपली पावलं मिळवली. मग कॅसेटची बाजू संपली. ॲम्प्लिफायर, दोन्ही स्पीकर आणि दोऱ्याने नीट गुंडाळलेली जोडायची वायर तिने बालाशच्या हातांत दिली आणि म्हणायचं ते म्हटलं : हे त्राइलोला पोचो.

पोचलं. त्या पहाटे तो आला नाही. पुढच्याही नाही. फ्लोरिका लवकर झोपून पाहायची, उशिरा झोपून पाहायची. एकदा मुद्दाम सूप खारट करून पाहिलं. आजीला सांगितलं तेव्हा आजी खूश झाली. "बघ, तक्रार नाही," ती म्हणाली. घरात आता गाणं मोकळं होतं. फ्लोरिकाने रेडिओ लावला, दोन गाणी ऐकली आणि बंद केला.

मार्च निघता निघता ती लोणच्याची बरणी घेऊन बालाशकडे गेली. त्याच्या दारावर टकटक करण्यात अर्थ नसे; लोक थेट आत जात. तो नवा सूट घालून खुर्चीत ताठ बसला होता. समोर स्टुलावर ॲम्प्लिफायर, दोन्ही बाजूंना स्पीकर. व्हॉल्व पेटलेले.

"ये, ये," तो ओरडला. "रोज लावतो बघ. संध्याकाळी, तासभर. मी नाही लावला तर त्याला तिकडे कसा लागणार?"

फ्लोरिकाने आजूबाजूला पाहिलं. खोलीत रेडिओ नव्हता, कॅसेटचं यंत्र नव्हतं. जोडायची वायर, तिच्याच दोऱ्याने बांधलेली, जशीच्या तशी खिळ्याला टांगलेली होती. गाठही सुटलेली नव्हती. ॲम्प्लिफायरला कुठूनही काहीही येत नव्हतं, आणि इतके आठवडे तो तेच वाजवत होता.

"शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून कमी ठेवलाय," बालाश म्हणाला. "वाढवू?"

तिने बरणी खाली ठेवली. त्याला दिसावं म्हणून तोंड त्याच्याकडे केलं.

"वाढवा, भाऊजी."

त्याने बटण उजवीकडे शेवटपर्यंत फिरवलं. फ्लोरिका गुडघ्यांवर बसली आणि तिने स्पीकरच्या कापडाला कान लावला. घरघर नव्हती. कुरकुर नव्हती. काहीही नव्हतं, आणि ते अगदी स्वच्छ येत होतं.

"चांगला लागतोय?" बालाशने वरून विचारलं.

तिने मान डोलावली, कापडावरचा गाल न उचलता.